चार हजारच्या पुढे

मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास नवऱ्यानं हेडफोनची पिन उपटली, त्या जागी स्पीकरची वायर खोचली, "ऐक, टोन जमला एकदाचा," असं म्हणत गिटारच्या तारांवरून हात फिरवला, आणि वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारावरून चाललेली मी जागच्या जागी थांबले. आवाज मोठा नव्हता. शेजाऱ्यांचा विचार करून त्यानं तो बेतानंच ठेवला होता. पण बोचरा होता, स्टीलच्या ताटावर काटा ओढावा तसा, आणि कानातून थेट मागच्या दाढेपर्यंत गेला. त्यानं दुसरा सूर वाजवायच्या आत त्याला काय झालंय ते मला कळलं होतं. त्यात माझी काही हुशारी नाही. गेली बावीस वर्षं मी कानाच्या दवाखान्यात बसून लोकांना किती ऐकू येतं ते मोजते. वरचे बारीक आवाज ज्याला ऐकू येईनासे होतात तो माणूस रेडिओची कुठली कळ कुठल्या बाजूला पिळतो, हे मला कुणीही विचारावं. माझ्यासमोर बसलेला माणूस स्वतःच्या कानातली रिकामी जागा भरून काढत होता, आणि इतकी की धड कानांच्या माणसाला तिथं उभं राहवत नव्हतं. तो वाजवता वाजवता माझ्या तोंडाकडे बघत होता. भुवया वर, मान तिरकी, काढलेलं चित्र दाखवायला आणलेल्या पोरासारखा. वय वर्षं छप्पन्न. "कसाय?" त्यानं विचारलं. "छान आहे," मी म्हटलं, आणि घड्या करायला आतल्या खोलीत निघून गेले.

घड्या करता करता स्वतःचाच राग येत होता. मी लोकांना तोंडावर सांगत आले आहे. शाळामास्तरांना सांगितलंय, सासवांना सांगितलंय, एका गाणाऱ्या बाईंना सांगितलंय, ज्या नंतर माझ्या टेबलावर डोकं टेकून रडल्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. सांगायची एक पद्धत असते, समोर बसायचं, आलेख दाखवायचा, आधी काय शाबूत आहे ते सांगायचं. आणि घरी काय, तर 'छान आहे'. बरं, हे त्याला म्हटलं म्हणजे दगडावर कोरलं. "हिचे कान म्हणजे यंत्र आहेत," असं तो चारचौघांत सांगतो. स्वतःच्या कानांवर एवढा भरवसा नाही तेवढा त्याचा माझ्या कानांवर. पलीकडून पुन्हा तो काटा ताटावर ओढला गेला, मी उशीच्या अभ्र्याची तिसऱ्यांदा घडी केली, आणि तो तिकडून ओरडला, "हाच वाजवणार बघ त्या दिवशी! ठरलं!"

त्या दिवशी म्हणजे तीन आठवड्यांनी. पंचवीस वर्षांपूर्वी मोडलेली त्यांची मंडळी एका संध्याकाळपुरती पुन्हा जमणार होती. सहा फूट दोन इंच उंचीच्या आणि म्हणूनच बुटक्या या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या ड्रमवाल्यानं ते जुळवून आणलं होतं. जागा तीच, तंत्रशाळेचं सभागृह, आणि ऐकायला जुने विद्यार्थी, त्यांच्या बायका, मुलं, दोनेकशे माणसं. बुटक्याच्या फोननंतर आठवडाभर हा घरात चालताना जिन्यावरून उतरल्यासारखा उड्या मारत होता. दोनशे माणसं खुर्च्यांत बसणार, हा डोळे मिटून पहिला सूर वाजवणार, आणि दोनशे माणसं एकदम खांदे आक्रसणार. कुणी काही बोलणार नाही. सगळे 'छान' म्हणतील. तेच मला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि सांगितलं तर? सांगितलं तर तो गिटार खोळीत घालून माळ्यावर टाकेल, हेही मला ठाऊक होतं. असा तो एकदा सिगारेट सोडताना वागला होता. त्याला थोडं सोडता येत नाही.

ज्या डब्यावर हे सगळं चालतं तो डबा आमच्या लेकीच्या खोलीत आहे. लेक शिकायला दूर गेली, आणि तिची गादी थंड व्हायच्या आत हा तिथं गिटार, खुर्ची आणि तो डबा घेऊन घुसला. डबा हे माझं नाव, तो मॉडेलर म्हणतो. बुटांच्या खोक्याएवढी करडी वस्तू, वर पाच गोल कळा, एक छोटा पडदा. जगात आजवर झालेले गिटारचे नामांकित अँप्लिफायर म्हणे त्यात आहेत, म्हणजे अँप नाहीत, त्यांचे हिशेब आहेत. गिटार त्यात जोडायची, पडद्यावर अँप निवडायचा, मग त्याचा स्पीकर निवडायचा, मग त्या स्पीकरपुढे माईक कुठं ठेवायचा ते ठरवायचं, बोटभर डावीकडे, बोटभर मागे. कुठं? तर कुठंच नाही. नसलेल्या खोलीत नसलेल्या स्पीकरपुढे हा नसलेला माईक सरकवत बसतो, आणि जेवायला हाक मारली की म्हणतो, "एक मिनिट, माईक जरा कोनात आलाय." पहिल्या वर्षी मी यावर पोट धरून हसायचे. फोनवर लेकीला वर्णन करून सांगायचे. तिनं एकदा विचारलंही होतं, "आई, बाबा बरे आहेत ना?" बरे होते. फार बरे होते. छापखान्यात आठ तास यंत्रापुढे उभं राहून आलेला माणूस घरी येऊन आपल्या मर्जीनं काहीतरी घडवतोय, हे बघायला मला आवडायचं. फक्त ते ऐकू यायचं नाही. हेडफोन त्याच्या कानांवर असत, आणि मला ऐकू येत ती नुसत्या तारांची कोरडी टिकटिक, वाळूवरून कोंबडी चालावी तशी. चार वर्षं मी ती टिकटिक ऐकली. त्या टिकटिकीच्या आत तो काय ऐकतोय ते मी कधी मागितलं नाही, त्यानं कधी दिलं नाही. संसारात अशा एक-दोन खोल्या बंद असलेल्या बऱ्या असतात, असं मी समजून चालले होते.

त्याचा खरा अँप मला माहीत होता. आमचं लग्न झालं तेव्हा पलंगाआधी तो घरात आला होता. आत काचेच्या नळ्या, चालू केला की मिनिटभर तापत बसायचा, आणि उचलायला दोन माणसं लागायची, एक हा आणि एक बुटक्या, जो पुढचे तीन दिवस कंबर धरून फिरायचा. त्याच अँपवर मी याला पहिल्यांदा ऐकलं, त्याच सभागृहात. मैत्रिणीनं ओढत नेलं होतं, मी शेवटच्या रांगेत बाहेर पडायच्या सोयीनं बसले होते. तेव्हा कानांचं शिक्षण व्हायचं होतं, त्यामुळे काय ऐकलं ते मला आजच्यासारखं आकड्यांत सांगता आलं नसतं. एवढंच जाणवलं की सूर काठाला मऊ आहे आणि मध्ये भरलेला आहे, आणि तो बाकीच्यांच्या पुढे येत नाही तरी ऐकू येतो. असा माणूस कसा असेल, असा विचार केला. पुढे कळलं, तसाच आहे. पुढे येत नाही तरी असतो. लेक झाली, खालच्या मजल्यावरच्या बाई छताला झाडूचा दांडा ठोकायला लागल्या, बाळ दचकून उठायला लागलं, आणि एका रविवारी त्यानं कुणाशी न बोलता अँप एका संगीतवर्गाला देऊन टाकला. मी विचारलं तर म्हणाला, "नळ्या मिळत नाहीत आता." नळ्या मिळत होत्या. मी ते तेव्हाच ओळखलं होतं, आणि तेव्हाही 'बरं' म्हटलं होतं.

बुधवारी दवाखान्यात एका बाटल्या भरायच्या कारखान्यातले अकरा कामगार तपासायला आले. मी एकेकाला काचेपलीकडच्या आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, नेहमीची वाक्यं म्हटली. टीं असा आवाज येईल, अगदी बारीक आला तरी बोट वर करायचं. पाचशे, हजार, दोन हजार, सुराची पट्टी चढवत गेले तसे सगळे टपाटप बोट वर करत होते. चार हजारला आल्यावर एकेकाचं बोट मांडीवरच राहायला लागलं. यंत्राजवळ वीस वर्षं काढलेला माणूस चार हजारला खड्ड्यात पडतो, हे आमच्या धंद्यात वहीच्या मुखपृष्ठावर लिहिल्यासारखं आहे. मी त्यांना कानात बोळे घालण्याविषयी बोलले, कागदावर चित्र काढून दिलं. नवव्या माणसापाशी माझे हात थांबले. मी सगळ्या गावाचे कान तपासते आणि माझा नवरा छापखान्यात आहे. तपासून घे असं मी त्याला म्हटलं नव्हतं असं नाही. दर दोन वर्षांनी म्हणायचे, आणि तो म्हणायचा, "अगं, हे गाण्याचे कान आहेत. यांना काय होतंय?" आणि मला ते पटायचं. म्हणजे पटायचं नाही, पण मला तेच ऐकायचं असायचं.

मग त्या दुपारी एकेक गोष्ट आठवत गेली आणि मी खुर्चीत लहान लहान होत गेले. गेली दोन वर्षं मी स्वयंपाकघरातून काही म्हटलं की तो 'हं' म्हणतो. नुसतं 'हं'. मी तीनदा सांगितलेली गोष्ट चौथ्यांदा नवी असल्यासारखी ऐकतो. लेकीचा फोन आला की स्पीकरवर टाकत नाही, माझ्या हातात देतो, "तूच बोल." दारावरची बेल वाजली की मीच उघडते. यावरून मी काय काय ठरवून ठेवलं होतं! की आता याला माझ्यात रस उरला नाही. की चोवीस वर्षांनी सगळ्यांचं असंच होतं. गेल्या हिवाळ्यात मी एकदा ताडकन म्हणाले होते, "भिंतीशी बोलले तर भिंत तरी मान हलवेल," आणि तो खरंच गोंधळून माझ्याकडे बघत राहिला होता. स, श, ट, क, फ, शब्दांच्या ज्या कडा असतात त्या सगळ्या तिथं वरती असतात. त्याला माझं बोलणं कडा झिजलेल्या नाण्यांसारखं मिळत होतं, आणि तो अंदाजानं खर्च करत होता. दोन वर्षं मी त्याच्याशी भांडले असं मला वाटत होतं. मी चार हजारशी भांडत होते. मला त्याच क्षणी घरी जाऊन त्याच्या डोक्यावर टपली मारावीशी वाटली आणि मग ते डोकं धरून बसावंसं वाटलं. दहावा कामगार काचेमागून बोट वर करून, मान वळवून माझ्याकडे बघत होता.

गुरुवारी माझी अर्धी सुट्टी असते. तो कामावर होता. मी लेकीच्या खोलीत गेले, दार उगीचच लावून घेतलं, आणि त्याच्या खुर्चीत बसले. डबा चालू कसा करायचा हे मला बघून बघून माहीत होतं. त्यानं जपून ठेवलेले टोन पडद्यावर एकाखाली एक होते. त्याला नावं सुचत नाहीत, म्हणून त्यानं सगळ्यांना तारखा दिल्या होत्या. मला गिटार येत नाही. मी ती मांडीवर घेतली, डावा हात कुठंच ठेवला नाही, आणि उघड्या सहा तारांवरून अंगठा ओढला. मग पुढची तारीख, पुन्हा अंगठा. सुरुवातीचे टोन हसू येण्यासारखे होते. एक विहिरीतून आल्यासारखा, एकात इतका गडगडाट की तार कुठली ते कळेना. नवशिक्या बाईनं सगळे मसाले एकदम घालावेत तसे. मग हळूहळू तो शिकत गेल्याचं ऐकू यायला लागलं. गडगडाट कमी झाला. खालचा घुमार त्यानं छाटून टाकला. माईक सरकला. आणि पावणेतीन वर्षांपूर्वीच्या एका तारखेवर मी अंगठा ओढला आणि अंगठा तारेवर तसाच राहिला. तो होता. काठाला मऊ, मध्ये भरलेला. सभागृहाची शेवटची रांग. मी पुन्हा ओढला. चारदा, पाचदा. या खोलीत, माझ्या पाठीमागे, मी पलीकडे भाजी चिरत असताना, तो त्या जागी पोचला होता आणि मला म्हणाला नव्हता. किंवा म्हणाला असेल आणि मी 'हं' म्हटलं असेल. पण तो तिथं थांबला नाही. पुढच्या तारखेला बारीक आवाजांची, वरची कळ थोडी पुढे होती. त्याच्या पुढच्या तारखेला आणखी थोडी. साडेपाच, सहा, पावणेसात. कुणीतरी त्याला आतून सांगत होतं, मंद वाटतोय, अजून थोडा उजळ कर, आणि तो ऐकत गेला. मंगळवारच्या तारखेला कळ नऊवर होती. त्या तारखा मी ओळीनं कागदावर मांडल्या असत्या तर दवाखान्यातला आलेखच झाला असता, फक्त उलटा. क्षणभर मनात आलं की हळूच ती जुनी तारीख नव्या तारखेवर उतरवून ठेवावी आणि गप्प बसावं. पण तो संध्याकाळी येऊन बसला असता, 'हे असं पांघरूण घातल्यासारखं काय लागतंय?' म्हणाला असता, आणि पुन्हा कळ पिळत बसला असता. मी डबा बंद केला. गिटार होती तशी ठेवली. तारांवर माझ्या अंगठ्याचा घाम होता, तो पदरानं पुसला.

शुक्रवारी चहा पिताना माझ्या तोंडून ते भलत्याच पद्धतीनं निघालं. ना समोर बसणं, ना आलेख, ना आधी काय शाबूत आहे ते.

"तुझा टोन वाईट आहे," मी म्हटलं.

त्यानं कप खाली ठेवला. "कुठला?"

"मंगळवारचा. फार बोचतो. ऐकवत नाही."

"तू छान म्हणालीस."

"खोटं बोलले."

"तू?" तो म्हणाला. टोनपेक्षा त्याला हेच जास्त लागलं होतं, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. मग त्याचं डोकं कामाला लागलं. "स्पीकरचा दोष असेल. हेडफोनवर केलेलं स्पीकरवर तसंच लागत नाही, हे माहितीये सगळ्यांना. किंवा ती खोली. पडदे नाहीत तिथं. गादी सरकवली म्हणून असेल."

"गादीचा काय संबंध?"

"गादी आवाज पिते."

"अरे, तुझे कान," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य मला पुरं करता येईना. त्यानं बशीतला सांडलेला चहा कपात ओतला, अगदी सावकाश, एक थेंब न सांडता, छापखान्यात शाई ओतावी तसा. मग म्हणाला, "उद्या तू दुपारपर्यंतच असतेस ना? येतो." आणि उठताना, पाठमोरा, "बुटक्याला काही सांगू नकोस."

शनिवारी तो ठेवणीतला शर्ट घालून आला. कान तपासायला ठेवणीतला शर्ट! मला हसू आलं. दवाखान्यात कुणी नव्हतं, डॉक्टरीणबाई गेल्या होत्या. मी त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, माझ्याकडे पाठ करून, कारण काचेत हाताची हालचाल दिसली तर लोक बघून बोट वर करतात. हेडफोन चढवले. उजव्या कानावर चढवताना त्याचे केस बाजूला केले, तेव्हा त्यानं डोळे मिटले. जड दार लावून मी बाहेर यंत्रापाशी बसले. हजारपासून सुरू केलं. बोट वर. आवाज कमी केला. बोट वर. आणखी कमी. बोट वर. दोन हजार, तसंच. चार हजार लावलं, ठणठणीत सुरू करून खाली आणत गेले, आणि प्रत्येक वेळी त्या ठेवणीतल्या बाहीतून बोट वर येत गेलं, न चुकता, अगदी जिथं विशीतल्या मुलीलाही कान टवकारावे लागतात तिथपर्यंत. मी आलेखावर लाल गोल काढला. वर, वरच्या रेघेशी, धड कानांच्या जागी. मला रडूच फुटणार होतं. चुकले होते मी, यंत्र म्हणे माझे कान, मूर्ख बाई, उगीच माणसाचं मन मोडलं. सहा हजार, बोट वर. आठ हजार, बोट वर. आठ हजार?

मी थांबले. छप्पन्न वर्षांचा माणूस, छापखान्यात सव्वीस वर्षं. असा आलेख नसतो. मी हात कळीवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. काहीच दाबलं नाही. खोलीत पूर्ण शांतता होती, त्याच्या कानांतही. मी एक श्वास घेतला, सोडला. आणि बोट वर आलं. मी पुन्हा काही दाबलं नाही. थोड्या वेळानं बोट पुन्हा वर आलं, ठामपणे, अगदी त्याच जागी जिथं माझा हात कळीवर पडला असता. त्याची मान किंचित हलत होती, सभागृहात दुसऱ्याचं वाजवणं संपायची वाट बघताना हलायची तशी. शिकवताना आम्हांला पहिल्या दिवशी सांगतात, मधलं अंतर सारखं बदलायचं, नाहीतर ऐकणारा मोजायला लागतो. बावीस वर्षांत मी आळशी झाले होते, माझ्या हाताला एक चाल पडली होती. आणि आत बसलेल्या माणसाला माझ्या हाताची चाल चोवीस वर्षं ठाऊक होती. माझं जिना चढणं, भांडी रचणं, कुशीवर वळणं.

मी दार उघडून आत गेले, त्याच्या पुढ्यात स्टूल ओढून बसले. जागा एवढीशी आहे की गुडघे गुडघ्यांना लागतात. त्यानं हेडफोन उतरवले. "झालं?"

"आवाज नव्हता," मी म्हटलं. "शेवटचे दोन. मी काही दाबलंच नव्हतं."

"ऐकू आल्यासारखं वाटलं," तो म्हणाला. मग हेडफोनकडे बघत, हळूच, "खरं सांगू? ऐकू येत नव्हतं. पण तू आता दाबणार हे कळत होतं."

मी त्याचे दोन्ही कान हातांत धरले आणि बसून राहिले, आणि तो बसू देत राहिला. मग नाक पुसून पुन्हा बाहेर आले, आणि या वेळी अंतरं वेडीवाकडी ठेवली. मध्येच लांब थांबले, मध्येच लागोपाठ दोनदा दाबलं. त्याच्या हाताशी अशी लबाडी करताना मला फार वाईट वाटलं. दोन हजारपर्यंत तो ठीक होता. चार हजारला बोट मांडीवर पडून राहिलं. सहाला तसंच. एकदा ते अर्धवट उठलं आणि परत खाली गेलं. आलेख मी त्याला समोर ठेवून दाखवला, आणि आधी काय शाबूत आहे ते सांगितलं. त्यानं तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, आणि माझ्या अंदाजापेक्षा वेगळंच, त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. "हा तर ईक्यू आहे, डब्याच्या पडद्यावर कळांची रेघ असते तसा," तो म्हणाला. "मी हाच उलटा करून इतकी वर्षं डब्यात भरत होतो." आणि थोड्या वेळानं, हसू पुरतं मावळलेलं असताना, "तुझं किती बोलणं माझ्याकडून हुकलं?"

"कडा गेल्या फक्त," मी म्हटलं. "मधलं सगळं आहे."

यंत्र लावावं लागेल, छोटं, कानामागे, ते मी सांगितलं. तो बरं म्हणाला. ती आणखी महिन्याभराची गोष्ट होती, तपासण्या, माप, सवय. सभागृहाची संध्याकाळ त्याआधी होती. घरी येईपर्यंत रस्ताभर मी त्याची खोळ, माळा, शिडी सगळं डोळ्यांपुढे आणून ठेवलं होतं. रविवारी सकाळी उठले तर पलंगावर तो नव्हता. लेकीच्या खोलीतून टिकटिक येत नव्हती. मी गेले तर तो खुर्चीत बसला होता, गिटार मांडीवर, हेडफोन कपाटात ठेवलेले, आणि समोर गादीच्या कडेवर माझ्यासाठी उशी मांडलेली. "बस," तो म्हणाला. मी त्याला त्या जुन्या तारखेबद्दल सांगितलं. तू पोचला होतास, तोच लाव, काही करायला नको. त्यानं मान हलवली. "तो मी माझ्या कानांनी केलाय. ते गेले. आता तुझ्या कानांनी करू."

त्यानं मंगळवारचा टोन लावला, वाजवला, आणि माझ्याकडे बघितलं. "कसाय? छान म्हणालीस तर बघ."

"बोचतोय," मी म्हटलं.

त्यानं वरची कळ मागे फिरवली, वाजवलं. "आता?"

"अजून बोचतोय." मी त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, थोडं खालच्या आवाजात बोलत होते. आठावरून सातावर, सातावरून सहावर. प्रत्येक वेळी तो आधी स्वतः ऐकायचा, डोळे बारीक करून, आणि प्रत्येक वेळी त्याच्या कपाळाला एक आठी जास्त पडायची, कारण त्याच्या बाजूनं उजेड कमी कमी होत चालला होता. सहावर तो म्हणाला, "मला आता हा गोधडीतून येतोय." मी म्हटलं, "राहू द्यायचा का इथंच?" तो म्हणाला, "तुला बोचतोय का?" मी म्हटलं, "थोडा." त्यानं कळ आणखी मागे घेतली, मग माईक बोटभर सरकवला, मग पुन्हा कळ, आणि मी 'बास' म्हटलं, कारण समोर तोच सूर होता, काठाला मऊ, मध्ये भरलेला, आणि तो वाजवणाऱ्याला त्यातला निम्माही पोचत नव्हता हे मी काल स्वतःच्या हातानं कागदावर काढलं होतं.

"बास?" त्यानं विचारलं.

"बास."

त्यानं तो टोन जपून ठेवला. मग खुर्ची माझ्याकडे वळवली, स्पीकरही माझ्याकडे वळवला, म्हणाला, "आता तू ऐक," आणि वाजवायला लागला.